ताळेबंदाचं चित्र काढायचंय? उद्योग-अर्थ नियतकालिकांसाठी काम करू पाहणाऱ्या नव्या चित्रकारांना

"इंटरमिजिएटला ए ग्रेड होता, सर." काम कसं मिळवायचं हे विचारायला जे फोन येतात, त्यांतले निम्मे असेच सुरू होतात. हात चांगला असणार याबद्दल मला शंका नसते. मी विचारतो, "सोमवारची अर्थपुरवणी वाचतोस का?" मग पलीकडून एक ओशाळं हसू ऐकू येतं.

हा लेख त्या हसणाऱ्यांसाठी. उद्योग, बँका, शेअर बाजार, शेतमालाचे भाव असल्या विषयांच्या नियतकालिकांना चित्रं पुरवणं हा एक वेगळाच धंदा आहे. कथाचित्रांतली नजाकत इथे उपयोगी पडते, पण तेवढ्यावर भागत नाही. माझा वीसेक वर्षांचा हिशोब असा, की चित्राला दहा तास लागले तर त्यातले चार लेख वाचण्यात आणि 'म्हणजे नेमकं होतं काय?' हे समजून घेण्यात जातात. संपादक पैसे मोजतो ते मुख्यतः त्या चार तासांचे.

पायरी पहिली: काम कुठे असतं ते बघा

सगळ्यांना इंग्रजी अर्थदैनिकांची पानं खुणावतात. तिथे बाहेरच्यांना जागा थोडी, कारण बहुतेकांची स्वतःची ग्राफिक्सची टीम असते. नवख्याला दार उघडतं ते बाजूच्या गल्लीतून. मराठी दैनिकांच्या अर्थपुरवण्या (लोकसत्ताची 'अर्थवृत्तान्त' सोमवारी येते), व्यापारी-औद्योगिक संघटनांची मासिकं (पुण्याच्या मराठा चेंबरचं 'संपदा' हे त्यातलं जुनं नाव), सहकारी बँकांच्या आणि कारखान्यांच्या गृहपत्रिका, उद्योगाला वाहिलेले दिवाळी अंक, म्युच्युअल फंडांच्या गुंतवणूकदारांसाठीच्या पुस्तिका. ही यादी दिसते त्यापेक्षा लांब आहे.

आणि मग वार्षिक अहवाल. बाजारमूल्याने पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा 'बीआरएसआर' अहवालही द्यावा लागतो. असले कोरडे कागद कोणीतरी वाचावेत म्हणून डिझाइन स्टुडिओ चित्रकार शोधत असतात. त्यात नाव छापून येत नाही, पण पैसे मासिकापेक्षा बरे मिळतात.

या कामाला ऋतू असतो, तो पाठ करा. कंपन्यांचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून अहवालांची कामं एप्रिल ते ऑगस्टमध्ये निघतात. दिवाळी अंकवाले जुलै-ऑगस्टमध्ये जागे होतात. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, त्यामुळे जानेवारीचा शेवटचा आठवडा मोकळा ठेवा. मार्चमध्ये मात्र कोणाला मेल टाकू नका. सगळे हिशोब मिटवत असतात.

पायरी दुसरी: अर्थाचं पान वाचायला शिका

सी.ए. व्हायची गरज नाही. नफा झाला तरी हातात रोकड का नसते, रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) वाढला की घराचा हप्ता का वाढतो, येणं आणि देणं म्हणजे काय, आयपीओतला (पहिल्या जाहीर शेअरविक्रीतला) पैसा कंपनीला जातो की जुन्या भागधारकांना, एवढं कळलं तरी पहिल्या वर्षाची शिदोरी झाली.

सराव असा करा. ज्या लेखाला चित्र नाही असा एक लेख दर सोमवारी निवडा. वाचून झाल्यावर वहीत एकच वाक्य लिहा, त्यात माणूस हवा आणि क्रियापद हवं. 'पतधोरणाचा आढावा' हे वाक्य नव्हे. 'हप्ता वाढला म्हणून माणूस गाडी विकायला काढतो' हे वाक्य. असं वाक्य सापडत नसेल तर चित्रही सापडणार नाही, पेन्सिलला हात लावू नका.

व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्याकडे कलाशाळेची पदवी नव्हती. मुंबईच्या झेवियर्समधून इतिहास घेऊन ते बी.ए. झाले आणि सुरुवातीची काही वर्षं जाहिरातींच्या स्टुडिओत बसले. इकॉनॉमिक टाइम्ससह टाइम्स समूहाच्या अंकांतून त्यांनी काढलेला बॉस, त्याची सेक्रेटरी मिस फोन्सेका आणि कारकून गोडबोले पाहा. टेबलांवरचे ढीग, खुर्चीची उंची, कोण कोणाकडे बघतंय, सगळं ऑफिसात बसून पाहिल्यासारखं आहे. आलेखाचा बाण न काढता त्यांनी व्यापारी जगाची चित्रं केली.

पदवीचं विचाराल तर, असली तर उत्तम. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतला कमर्शियल आर्टचा विभाग १९३५चा, १९५८ साली त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. तिथले किंवा पुण्या-नागपूरच्या कलामहाविद्यालयांतले तुमचे वर्गमित्र दहा वर्षांनी आर्ट डायरेक्टर होतात, हा पदवीचा खरा फायदा. काम देताना मात्र आजवर मला कोणी प्रमाणपत्र मागितलेलं नाही.

पायरी तिसरी: सुचलेलं पहिलं चित्र टाकून द्या

हस्तांदोलन, शिडी, दिव्याचा बल्ब, बाण घुसलेला फलक, बैल आणि अस्वल (बाजाराची तेजी-मंदी), डुकराची गुल्लक, नाण्यांच्या ढिगातून उगवलेलं रोपटं. हे सगळं आधी येतं, सगळ्यांनाच येतं. २०१० साली डी. उदय कुमार यांनी केलेलं रुपयाचं चिन्ह सरकारने स्वीकारलं आणि आम्हा मंडळींची चैनच झाली. काही सुचलं नाही की ते चिन्ह वाकवायचं, तोडायचं, त्याला पंख लावायचे. मीही भरपूर वाकवलंय.

एक काम जरा जवळून सांगतो. लेख होता लघुउद्योजकांच्या अडकलेल्या बिलांवर. पुण्याजवळच्या भोसरीत सुटे भाग बनवणारा माणूस मोठ्या कंपनीला माल देतो, कंपनी शंभर-शंभर दिवस पैसे देत नाही, तोवर कामगारांच्या पगारासाठी तो कर्ज काढतो. माझे पहिले तीन रफ (कच्ची रेखाटनं): वाळूच्या घड्याळात नाणी, बिलाला साखळदंड, गोगलगायीच्या पाठीवर चेक. गोगलगाय मला फार आवडली होती. पण त्या तिन्हींत भोसरीचा माणूस कुठेच नव्हता.

शेवटी वर्कशॉप चालवणाऱ्या एका मित्राला फोन केला. "पैसे मागायला जातोस तेव्हा नक्की काय होतं रे?"

"काय व्हायचंय? अकाउंट्सच्या बाहेर बाकावर बसतो. साहेब मीटिंगमध्ये असतात. चहा येतो. मग आणखी एक चहा येतो."

चित्र तिथेच झालं. लांब बाक, टोकाला अंग चोरून बसलेला माणूस, मांडीवर फाइल, आणि बाकाखाली रिकाम्या कपांची रांग, पार चौकटीबाहेर गेलेली. रफ पाठवला. आर्ट एडिटर बाईंचा फोन आला, "चित्र छान आहे, पण कपबशा काढल्यायत तुम्ही. व्हेंडरला कपबशीत चहा कोण देतं?" मी कागदी कप काढले. त्या एका बदलाने चित्र खरं झालं.

पायरी चौथी: पोर्टफोलिओ

दहा-बारा चित्रं पुरे. गणपती, वारली, वाघाचे डोळे, आजीचं पोर्ट्रेट, सगळं बाजूला ठेवा. संपादकाला एवढंच बघायचं असतं की कंटाळवाण्या लेखातून हा माणूस काय काढतो. म्हणून दुसऱ्या पायरीतल्या सोमवारच्या सरावातली चांगली चित्रं घ्या आणि प्रत्येकाखाली लेखाचा विषय एका ओळीत लिहा. 'सरावासाठी केलेलं' असंही स्पष्ट लिहा. न छापलेलं काम छापलेलं म्हणून दाखवणारे पकडले जातात, आणि या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

आकारांत विविधता ठेवा: एक मुखपृष्ठ, दोन-तीन अर्ध्या पानाची, आणि दोन-तीन अगदी बारकी, एका कॉलमात बसणारी. बारकं चित्र जमणं हीच खरी परीक्षा. पाच सेंटिमीटरमध्ये तीन माणसं आणि कारखाना कोंबणारे आपण सगळेच असतो.

माणसांचे चेहरे जमत असतील तर त्यावर जोर द्या. अर्थविषयक अंकांना उद्योगपतींचे चेहरे सारखे लागतात. अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलमधली ठिपक्या-रेघांची छोटी व्यक्तिचित्रं तुम्ही पाहिली असतील. केव्हिन स्प्राउल्स या चित्रकाराने १९७९ मध्ये ती पद्धत तिथे आणली. जुन्या नोटांवरच्या आणि शेअर सर्टिफिकेटांवरच्या कोरीवकामासारखी ती दिसते, त्यामुळे पैशाच्या पेपरला शोभते. शिवाय वृत्तपत्राच्या खरखरीत कागदावरही चेहरा ओळखू येतो. शैली निवडताना अशी दोन्ही अंगं बघावीत, पानाचा स्वभाव आणि कागदाची कुवत.

मुखपृष्ठांचं म्हणाल तर अमेरिकेच्या फॉर्च्युन मासिकाचे १९३० आणि ४०च्या दशकांतले अंक शोधून पाहा. फेब्रुवारी १९३० चा पहिला अंक, शेअर बाजार कोसळून जेमतेम चार महिने झालेले, आणि किंमत तब्बल एक डॉलर. मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेरासारख्या पक्क्या कम्युनिस्ट चित्रकारानेही त्या भांडवलदारांच्या मासिकाचं मुखपृष्ठ केलंय. ग्राहकाशी मतं जुळलीच पाहिजेत असं नाही, हे तेवढ्यात कळून जातं.

पायरी पाचवी: काम मागा

अंकाची श्रेयनामावली उघडा, त्यात कला-संपादक किंवा मांडणीकाराचं नाव असतं. मेल मालकाला किंवा मुख्य संपादकाला न पाठवता यांना पाठवा. मजकूर पाच ओळींचा. त्यांच्या गेल्या अंकातल्या ज्या लेखाला चित्र शोभलं असतं त्याचं नाव घ्या आणि तुमचं त्यावरचं एक छोटं चित्र जोडा. दहा एमबीच्या फाइली नकोत. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग पुढच्या अंकाच्या वेळी. रोज 'गुड मॉर्निंग' पाठवणाऱ्यांचे नंबर म्यूट होतात.

पायरी सहावी: ब्रीफ (कामाची माहिती) घेताना तोंड उघडा

पहिल्या कामाच्या आनंदात आपण नुसतं 'हो सर, हो सर' करतो आणि रात्री कपाळावर हात मारतो. हे विचारून घ्या: पूर्ण लेख मिळेल की सारांश? (लेख तयार नसेल तर लेखकाशी दहा मिनिटं बोलू द्या म्हणावं.) छापील आकार मिलिमीटरमध्ये किती? रंगीत की एकरंगी? कागद कुठला? चित्रावर शीर्षक येणार का, आणि कुठे? जोडपान असेल तर घडी कुठे पडते? रफ कधी, फायनल कधी? बदल किती वेळा? पैसे किती, कधी, आणि चित्र आणखी कुठे वापरणार?

घडीचं मी अनुभवाने सांगतोय. माझ्या एका जोडपानी चित्रात अध्यक्षमहाशयांचं नाक बरोबर पिनांमध्ये गेलं होतं. चूक सर्वस्वी माझी, कारण मी विचारलं नव्हतं.

फोनवर ठरलेलं सगळं त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा: 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे...' भांडण झालंच तर हाच मेल कामाला येतो.

मग दोन किंवा तीन रफ द्या. पाच देऊ नका, संपादक पाचांचं मिळून एक कडबोळं करायला सांगतो. आणि स्वतःला न आवडणारा रफ भरतीला म्हणून कधीही पाठवू नका, हमखास तोच निवडला जातो.

पायरी सातवी: छपाईयोग्य फाइल

छापील आकारात ३०० डीपीआय, सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग), चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड). बारीक रेघा आणि अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांतून बनवलेली काळी रेघ मशीनवर रजिस्ट्रेशन (शायांची एकमेकींवरची जुळणी) जरा हललं की भुतासारखी दुहेरी दिसते. वृत्तपत्री कागद शाई पितो आणि ठिपका फुगतो, तिथे चारही शायांची बेरीज साधारण २४० टक्क्यांच्या आत ठेवावी. गुळगुळीत आर्ट पेपरला ३०० पर्यंत चालतं. मी एकदा पुरवणीसाठी सुंदर निळी रात्र रंगवली होती. सकाळी पेपरात डांबर आलं. घरच्या लेझर प्रिंटवर खूश होऊ नका, जुन्या पेपरात छापलेली चित्रं समोर ठेवून गडद रंग ठरवा.

पैशाच्या विषयात तीन कायदेशीर खड्डे आहेत. चलनी नोट हुबेहूब काढू नका, नोटेशी फसवं साम्य असलेला कागद बनवणं गुन्हा आहे. भारताचा नकाशा वापरायचा तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाबरहुकूम सीमा काढा, इंटरनेटवरचा कुठलातरी उचलू नका. भारताच्या राजमुद्रेच्या (चार सिंहांच्या) वापरावर २००५ च्या कायद्याने निर्बंध आहेत, ती सजावटीला घेऊ नका.

पायरी आठवी: भाव आणि हक्क

'रेट काय सांगू?' याला एकच आकडा नाही, पण तळ काढता येतो. समजा, घरभाड्यासकट तुमचा महिन्याचा खर्च ४०,००० रुपये आहे. महिन्यात पैसे मिळवून देणारे तास १०० च्या वर जात नाहीत, बाकीचे मेल, रफ आणि वाट बघण्यात जातात. म्हणजे तास ४०० ला पडला. चित्राला १२ तास लागत असतील तर ४,८०० मध्ये तुम्ही फक्त जिवंत राहता. कर, नवा लॅपटॉप, आजारपण आणि रिकामा मार्च धरून ७,००० च्या खाली जाऊ नये. हे नुसतं उदाहरण, तुमचे आकडे घालून बघा. काम मध्येच रद्द झालं तर काय, हेही आधी ठरवा. मी रफनंतर रद्द झाल्यास तिसरा हिस्सा आणि फायनलनंतर पूर्ण पैसे घेतो.

हक्कांबद्दल आपल्याकडे फार गाफीलपणा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा पहिला मालक सामान्यतः चित्रकार असतो. पण कलम १७ मध्ये अपवाद आहेत. नोकरीत केलेलं काम वेगळं, आणि कोणी पैसे देऊन सांगून करून घेतलेलं पेंटिंग किंवा पोर्ट्रेट असेल तर, वेगळा करार नसल्यास, मालकी त्या सांगणाऱ्याकडे जाते. म्हणून दोन ओळींचा का होईना, लेखी करार हवा: 'हे चित्र अमुक अंकात आणि त्याच्या ऑनलाइन आवृत्तीत एकदा वापरण्यासाठी आहे, बाकी हक्क चित्रकाराकडे.' हक्क द्यायचेच असतील तर कलम १९ बघा. हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. त्यामुळे 'सर्व हक्क, कायमचे, जगभर' असं छापलेलं दिसलं की थांबा आणि भाव वाढवून मागा. हक्क दिल्यावरही चित्राखाली आपलं नाव मागण्याचा आणि चित्राची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ ने तुमच्याकडेच राहतो.

मध्येच: एआयचं काय?

हल्ली प्रत्येक जण हे विचारतो. शिडी, बल्ब आणि रोपट्याची कामं गेली, परत येणार नाहीत. खरं सांगायचं तर ती आधीच स्टॉक फोटोवाल्यांनी नेली होती. काही ग्राहक आता 'चित्र हाताने केलेलं आहे' असं लिहून मागतात, तेव्हा रफची पानं फेकू नका, तारखा घालून ठेवा. बाकावरच्या त्या चित्रात कागदी कप हवेत हे लेखात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते एका बाईंना माहीत होतं, कारण त्यांनी तशा कचेऱ्या पाहिल्या होत्या.

पायरी नववी: बिल आणि वसुली

बिल फायनल फाइलबरोबरच पाठवा, 'नंतर पाठवतो' म्हणू नका. त्यावर क्रमांक, तारीख, पॅन, बँकेचा तपशील, कामाचं वर्णन, दिलेले हक्क. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला गेला असेल तर तो आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या नावे दिसतो का, हे वर्षातून दोनदा तरी तपासा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. अमेरिकेतल्या ग्राहकाचं काम मिळालं तर तो डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म मागेल, घाबरू नका, तुम्ही तिथले करदाते नाही एवढंच त्यात सांगायचं असतं.

आणि 'उद्यम' ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी पहिल्या कामाच्या आधी करून टाका. आधार आणि पॅन लागतं, फी नाही. एकट्याने घरून काम करणारा चित्रकारही सूक्ष्म उद्योग ठरू शकतो. मग २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा तुमच्या बाजूने उभा राहतो. मुदत ठरलेली नसेल तर ग्राहकाने काम स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, ठरलेली असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. शिवाय २०२३-२४ पासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम ग्राहकाला त्या वर्षीचा खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही, ती प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच धरतात. तेव्हापासून मार्चमध्ये अकाउंट्सवाले आपणहून फोन करू लागलेत. प्रत्यक्ष तक्रार करण्याची वेळ मात्र शक्यतो आणू नका, ग्राहक तुटतो. ३० व्या दिवशी साधी आठवण, ४० व्या दिवशी उद्यम क्रमांकासह दुसरी, एवढ्याने बहुतेक बिलं सुटतात.

हे मी शिकलो त्या बाकाच्या चित्रामुळेच. अडकलेल्या बिलांवरच्या लेखाचं ते चित्र, आणि माझं बिल ११२ दिवसांनी मिळालं. दोनदा मी स्वतः त्या कचेरीत जाऊन आलो. दुसऱ्या खेपेला चहा आला, कागदी कपात.